जुना मारिओ, डबा टीव्ही आणि आखाजीची सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खान्देशात बहिणी माहेरी येतात आणि त्यांच्यामागून सगळी भाचेकंपनी. भुसावळात त्या दिवसांत पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो, सकाळी अकरानंतर गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. मग पुढच्या खोलीतला कुलर पाणी भरून लावायचा, कोपऱ्यातला जुना डबा टीव्ही मधे ओढायचा आणि त्याला टीव्ही गेम जोडायचा. खेळ ठरलेला: सुपर मारिओ ब्रदर्स, म्हणजे आमच्या पिढीचा नुसता 'मारिओ'. त्याबद्दल भाचे विचारतात, त्यांच्या आया विचारतात, शेजारी दारातून डोकावून विचारतात, पुण्या-नाशिकला गेलेले शाळेतले मित्र फोन करून विचारतात. प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

इतक्या जुन्या गेममध्ये एवढं आहे तरी काय?

उडी आहे. बाकी सगळं तिच्याभोवती रचलेलं आहे.

गेमच्या रिमोटवरचं 'ए' बटण टिचकीसारखं दाबलं की मारिओ जेमतेम उचलला जातो. तेच दाबून धरलं तर चांगला उंच जातो. 'बी' दाबून धावत आला आणि मग उडाला तर आणखी उंच आणि खूप लांब. हवेत असतानाही डावं-उजवं दाबून त्याला थोडं वळवता येतं. धावता धावता थांबायला गेलं तर तो जागेवर थबकत नाही, पाय घसरत पुढे जातो. त्यामुळे एकाच बटणात कितीतरी उड्या आहेत, आणि त्यांतली कुठली हवी ते अंगठा ठरवतो. पहिले दोन दिवस अंगठ्याला काही सुधरत नाही. तिसऱ्या दिवशी डोकं विचार करायच्या आत अंगठा बरोबर दाबलेला असतो.

आखाजीच्या झोक्यावर उभं राहून ज्यांनी झोका चढवलाय त्यांना हे लगेच कळेल. रेटा कुठल्या क्षणी द्यायचा हे कुणी शब्दांत शिकवत नाही. लवकर दिला तर झोका अडखळतो, उशिरा दिला तर वाया जातो, आणि एकदा बरोबर लागला की अंग त्याला विसरत नाही. मारिओच्या उडीत मला नेमकं तेच सुख मिळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा खेळ प्रामाणिक आहे. मारिओ मेला की का मेला ते डोळ्यांसमोर असतं: उडी अर्धवट होती, घाई केली, किंवा कासवाचं कवच आपणच लाथाडलं आणि ते पाईपवर आपटून परत आलं. नशिबावर ढकलायला जागा फार थोडी. म्हणूनच मेल्यावर हात परत स्टार्टकडे जातो.

ही नुसती लहानपणाच्या आठवणींची मजा नाही का?

मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मग शिंदखेड्याचा भाचा आला. मोबाईलवर मोठमोठे गेम खेळलेला, नव्वदच्या दशकाशी त्याचं काही देणंघेणं नाही. पहिल्या स्टेजच्या पहिल्याच खड्ड्यात तो सात वेळा पडला. आठव्यांदा पलीकडे गेला आणि असा ओरडला की स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. त्याच्याजवळ आठवण कसली असणार? त्याला जे मिळालं ते त्या दुपारी, त्या खड्ड्यावरून उडताना मिळालं. नंतर दोन तास दुसऱ्या कुणाचा हात रिमोटला लागला की तो म्हणे, "मामा, आते मन्ही बारी शे!" म्हणजे आता माझी पाळी आहे.

हा गेम कुणी आणि कधी बनवला?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने, १९८५ साली. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी त्याची रचना केली, संगीत कोजी कोंडो यांचं. ज्या यंत्रासाठी तो बनला ते फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आलं होतं. मारिओ त्याआधी १९८१ च्या डाँकी काँगमध्ये दिसला होता. तेव्हाच्या पडद्यावर माणूस मोजक्या चौकोनी ठिपक्यांत काढावा लागे. तेवढ्यात केस नीट दाखवता येत नव्हते म्हणून टोपी आली, आणि नाक उठून दिसावं म्हणून मिशी.

आमच्या घरात सगळ्यांना आवडणारी माहिती वेगळीच आहे. ही कंपनी १८८९ साली क्योटोमध्ये सुरू झाली ती पत्ते बनवायला. आखाजीला खान्देशात गल्लोगल्ली पत्त्यांचे डाव बसतात हे सांगायला नको. आमच्याकडेही मागच्या खोलीत मोठ्यांचे पत्ते आणि पुढच्या खोलीत पोरांचा मारिओ असं एकाच वेळी चालतं. दोन्हींचं मूळ असं एका घरात निघावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला काय शिकवावं?

बटणं दाखवा आणि गप्प बसा. शिकवायचं काम पहिली स्टेज करते, आणि ती इतकं सुंदर करते की मी आजही ती सावकाश खेळतो.

सुरुवातीला मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, समोर उजवीकडे मोकळी जमीन. कुठे जायचं ते न सांगता कळतं. थोडं पुढे गेलं की वर प्रश्नचिन्हाचा चमकणारा ठोकळा आणि समोरून चालत येणारा तपकिरी गुंबा, खेळातला पहिला शत्रू. नवा खेळाडू बहुधा त्याला धडकून मरतो, पण नुकसान जेमतेम काही पावलांचं असतं. पुढच्या वेळी तो उडी मारतो. कधी गुंब्यावर पडतो आणि गुंबा चपटा होतो. कधी उडी वरच्या ठोकळ्याला लागते आणि नाणं निघतं. दोन्ही धडे एकाच बटणात. मग एका ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे सरकतं, खाली पडतं, पाईपला आपटून उलटं फिरतं आणि थेट मारिओच्या अंगावर येतं. घाबरून उडी मारावी तर वर ठोकळ्यांचं छत. मशरूम अंगाला लागतं, मारिओ मोठा होतो, आणि ही वस्तू चांगली आहे हे पोराला कुणी न सांगता समजतं.

सर्वांत हुशारी स्टेजच्या शेवटाकडे आहे. तिथे पायऱ्यांचे दोन चढ समोरासमोर येतात, मधे जमीन आहे. उडी चुकली तर खाली पडाल, चढाल, परत प्रयत्न कराल. लगेच पुढे तसेच दोन चढ, पण आता मधे जमीन नाही, खड्डा आहे. आधी बिनधोक सराव आणि मग परीक्षा. विहिरीत पोहायला शिकवणारे काका आधी कमरेला भोपळा बांधायचे आणि मग एके दिवशी सोडायचे, तोच क्रम.

म्हणून मागे बसून "उड, उड, आता उड!" असं ओरडू नका. नव्या माणसाच्या हातातला शोध आपण हिरावून घेतो.

ढग आणि झुडपं सारखी दिसतात, खरं आहे का?

खरं आहे. चित्र एकच, रंग वेगळे. वर पांढरं केलं की ढग, खाली हिरवं केलं की झुडूप. अख्खा गेम, ३२ स्टेज, सगळी चित्रं आणि संगीत धरून, ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. सातबाऱ्याचा एक फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी तो त्याहून मोठा असतो. एवढ्या जागेत भागवायचं म्हणजे एका चित्रातून दोन कामं काढणं आलंच. हे पोरांना आधी सांगू नका. ज्याला स्वतः दिसतं तो पुढचा आठवडाभर टीव्हीकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघतो.

संगीत डोक्यातून जात नाही, ते कसं काय?

चाल लहान आहे आणि खेळाच्या पावलाशी जुळते. जमिनीवर उड्या मारणारी, भुयारात दबकी, पाण्याखाली हेलकावे घेणारी. घड्याळ १०० च्या खाली गेलं की तीच चाल वेगाने वाजायला लागते आणि पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. आवाज काढायला यंत्राकडे मोजकेच मार्ग आहेत, म्हणून उडीचा आवाज आला की संगीतातला एक सूर क्षणभर बाजूला सरतो. कान देऊन ऐका, प्रत्येक उडीला चाल किंचित पातळ होते.

आणखी एक. मूळ यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या टीव्हींसाठी होतं. भारतातले डबा टीव्ही ५० वाले. त्यानुसार बनवलेल्या यंत्रावर हाच गेम थोडा सावकाश चालतो आणि गाणंही संथ वाजतं. मूळ वेग पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते कुणीतरी घाईत वाजवतंय असं वाटलं होतं.

यंत्र आणि त्यात बसवायची गेमची कॅसेट मिळणार कुठे?

आधी घरचा माळा बघा. खरंच. माझं यंत्र चोपड्याच्या मावशीच्या माळ्यावर, पापडाच्या डब्यामागे निघालं. नाहीतर जुन्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारे, भंगारवाले, आणि तेव्हा तासाच्या भाड्याने गेम खेळू देणारी दुकानं ज्यांच्याकडे होती ती मंडळी.

आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटी परवान्याशिवायच्या नकला होत्या हेही स्पष्ट सांगतो. कॅसेटवर ९९९९९९९ गेम लिहिलेले असत, आत मूठभर गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. ज्यांना रीतसर खेळायचं असेल त्यांना निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर ऑनलाइन सदस्यत्वातून मूळ मारिओ खेळता येतो. उडी तीच आहे, तसूभरही फरक नाही.

अडॅप्टर जोडताना त्यावरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण यंत्राशी जुळवून घ्या. दुसरा कुठलाही अडॅप्टर पिन बसते म्हणून खुपसू नका. आणि डबा टीव्हीचं मागचं झाकण घरी उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही विजेचा मोठा दाब शिल्लक राहतो.

कॅसेट लागत नाही, फुंकर मारू का?

नको. आपण सगळ्यांनी मारली, आणि चालायचीही, पण चालायची ती काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि कालांतराने गंज धरतो. आपल्याकडे धूळ मुबलक आहे. कानाच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. काडी काळी निघेल. पांढरी निघेपर्यंत पुसा.

नव्या सपाट टीव्हीवर चालेल का? आणि ती बदकं मारायची बंदूक?

मारिओ चालेल. फक्त नवे टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतात, त्यामुळे बटण दाबणं आणि उडी दिसणं यांत सूक्ष्म उशीर होतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर चालू करा. तरी पडत असाल तर दोष अंगठ्याला देऊ नका.

पडद्यावरच्या बदकांवर रोखायची ती खेळण्यातली बंदूक चालणार नाही. ती डबा टीव्हीवर चित्र ज्या पद्धतीने आणि ज्या क्षणी उजळतं त्यावर अवलंबून आहे. सपाट पडद्यावर तो क्षण जुळत नाही.

मधेच लाईट गेली तर?

तर १-१ पासून, म्हणजे पहिल्या जगाच्या पहिल्या स्टेजपासून. या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नाही.

भारनियमनाच्या वर्षांत हा प्रश्न आमच्यासाठी गेमपेक्षा मोठा होता. पोरं वेळापत्रक पाठ करून बसायची आणि दिवे जायच्या आत किती जग पार होतात याची शर्यत लागायची. मी ७-४ च्या भुलभुलैयात योग्य वाट शोधून काढली त्याच मिनिटाला अंधार झाला होता. पडदा बारीक ठिपका होऊन विझला. वर्षं लोटली, तो ठिपका अजून दिसतो.

लाईट असताना तीनही जीव संपले तर मात्र उपाय आहे. सुरुवातीच्या पडद्यावर 'ए' दाबून धरा आणि स्टार्ट दाबा. ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या स्टेजपासून खेळ सुरू होतो. कॅसेटमध्ये मूळ गेम जसाच्या तसा असायला हवा. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी ही खूण माहीत नसल्याने शेकडो वेळा १-१ खेळली. त्यांचं काही बिघडलं नाही, त्यांची १-१ डोळे मिटून होते.

जीव वाढवायची कासवाची युक्ती कशी करायची?

३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून कासवं उतरतात. योग्य जागी उभं राहून कवचावर उडी मारली की कवच पायरीला आपटून परत पायाखाली येतं आणि उडी-कवच-उडी असं चक्र लागतं. थोड्या वेळाने गुणांऐवजी जीव मिळायला लागतात. पण हाव करू नका. जीव १२७ च्या पुढे गेले की यंत्राचा हिशेब उलटा फिरतो आणि पुढच्या वेळी मेलात की सरळ खेळ संपतो.

सरळमार्गी जीव हवा असेल तर १-१ मध्येच आहे. चौथ्या पाईपनंतर, पहिल्या खड्ड्याच्या आधी, रिकाम्या दिसणाऱ्या हवेत डोकं आपटून बघा. चौथ्या पाईपात उतरलात तर १९ नाणी मिळतात, पण हा जीव मागे राहतो. १०० नाण्यांना एक जीव. काय निवडायचं यावर आमच्याकडे जेवताना वाद होतात. मी जीवाच्या बाजूने आहे.

झेंड्यापाशी कधी फटाके फुटतात, कधी नाही. का?

स्टेजच्या शेवटी असलेल्या झेंड्याला हात लागताना घड्याळाचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तितके फटाके. झेंड्याच्या टोकाला पोचलात तर ५००० गुण.

पाईपातून थेट पुढच्या जगात जाणं लबाडी आहे का?

नाही. तो रस्ता बनवणाऱ्यांनीच ठेवलाय. १-२ मध्ये छताच्या वरून, गुणांच्या ओळीवरून धावत शेवटापर्यंत गेलं की जग २, ३ आणि ४ चे पाईप भेटतात. ४-२ मध्ये लपलेल्या वेलीवर चढलं की ६, ७ आणि ८. हे दोन्ही रस्ते वापरून सरावलेले लोक पाच मिनिटांच्या आत गेम संपवतात.

तरी पहिल्या उन्हाळ्यात वापरू नका असं मी भाच्यांना सांगतो. मधल्या जगांत फार देखण्या जागा आहेत. २-२ चं पाणी, ३-१ ची रात्र, ७-३ चे लांब पूल. सुरत पॅसेंजर सोडून विमानाने जावं तसं होतं, पोचतो खरे पण नंदुरबार स्टेशनचा चहा राहून जातो.

'उणे एक' नावाचं जग खरंच आहे?

आहे, आणि ते चुकून झालंय. १-२ च्या शेवटी भिंतीतून विशिष्ट प्रकारे आरपार सरकलं आणि डावीकडच्या पाईपात शिरलं की एका न संपणाऱ्या पाण्याच्या स्टेजमध्ये पोचतो. यंत्र खरं तर ३६ वं जग समजत असतं, पण त्या आकड्याचं चित्र कोरं असल्यामुळे पडद्यावर नुसतं उणे एक दिसतं. बाहेर पडायला वाट नाही. शाळेत हे सांगणाऱ्या मुलाला आम्ही थापाड्या ठरवलं होतं. तो बरोबर होता.

मुलांमध्ये भांडणं होतात, बारी कशी लावावी?

दोघांचा खेळ निवडला की मारिओ आणि लुइजी आळीपाळीने येतात. एक मेला की दुसऱ्याची बारी. चौघं असतील तर एक जीव, एक बारी, रिमोट उजवीकडे द्यायचा. लहानग्यांना दोन जीव. तासाभराने सगळ्यांनी उठून पाणी प्यायचं, टीव्ही बंद, यंत्रालाही गार होऊ द्यायचं. टीव्हीपासून वायर पुरेल तितकं लांब बसायचं.

घरातल्या मोठ्यांना जमेल?

माझी आई साठीच्या पुढे शिकली. सुरुवातीला रिमोट हातात घेऊन तिचं अख्खं अंग उडायचं, मारिओ खालीच. ती 'बी' कधीच दाबत नाही, चालतच जाते. १-१ ला घड्याळ ४०० पासून सुरू होतं, ते चालत जाणाऱ्यालाही पुरतं. प्रत्येक खड्ड्यापाशी थांबायचं, पदर सावरायचा, मग उडी. १-२ च्या पलीकडे जायची तिला हौस नाही. दुपारी भाकरीचं पीठ मळून झालं की एक डाव खेळते आणि नाणी एकूण एक गोळा करते, एकही सोडत नाही. तिचा खेळ बघायला आम्ही सगळे जमतो.

मारिओ झाला, पुढे काय खेळू?

सर्कस चार्ली आणि अॅडव्हेंचर आयलंड. दोन्हींत वेळ साधायची मजा आहे. कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचा. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए आणि मग स्टार्ट: ३० जीव. एवढे घेऊनही संपवणं सोपं नाही.

शेवटी राणी भेटते का?

मारिओ जिला सोडवायला निघतो ती राणी, खरं तर राजकन्या, आठव्या जगाच्या चौथ्या स्टेजला भेटते. त्याआधीच्या सात किल्ल्यांत पूल तोडून ड्रॅगन पाडला तरी राणी दुसऱ्या किल्ल्यात असल्याचा निरोप मिळतो. त्या सातांमधले ड्रॅगन तोतया आहेत. फूल घेतल्यावर मिळणारी आग असेल तर गोळे मारून बघा, आतून दुसराच प्राणी निघतो. खरा एकटा ८-४ मध्ये.

राणी भेटल्यावर खेळ थांबत नाही. पुन्हा सुरू केला की गुंब्यांच्या जागी टणक पाठीचे किडे येतात, त्यांच्यावर आगीचा परिणाम होत नाही. आणि सुरुवातीच्या पडद्यावर 'बी' दाबून हवं ते जग निवडता येतं.

तुम्हाला अजून कुठली स्टेज जड जाते?

८-३. हातोडे फेकणारे जोडीने येतात आणि खाली-वर उड्या मारत राहतात. त्यांचा ताल पकडून, ते वर उडाले की खालून निसटायचं असतं. मी दहातून चार वेळा जातो. भाचा या आखाजीला सहा वेळा गेला. कसं जातो ते मी त्याच्या शेजारी बसून बघितलं: तो हातोड्यांकडे बघतच नाही, त्यांच्या पायांकडे बघतो. पाय जमिनीवरून सुटले की हा धावतो. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, तसं करून बघणार आहे.